ओठांचा कोपरा

हात थरथरायला लागल्यापासून मी कॅनव्हाससमोर काठी आडवी धरून तिच्यावर मनगट टेकवतो. कपाळ, नाक, डोळे त्यावर निभतात. ओठांचा कोपरा निभत नाही. तिथे ओठाची कड गालाच्या सावलीत विरते. ब्रश केसभर सरकला की समोरचा माणूस खिन्न तरी दिसतो, नाहीतर कुत्सित. चित्रासाठी समोर बसलेल्या माणसाचे डोळे थोड्या वेळाने सैल पडतात, ओठ मात्र आवळलेलेच राहतात. म्हणून मी त्याला बोलतं ठेवतो. वाक्य संपवून तो थांबला की तेवढाच कोपरा रंगवायचा.

अमेरिकन चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्टही समोरच्याला असंच बोलतं ठेवायचा. बोलण्यात तो पटाईत होता, पण 1796 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनपुढे त्याची मात्रा चालली नाही. वॉशिंग्टनच्या तोंडात कवळी, ओठ फुगून मिटलेले. स्टुअर्टने ते चित्र अपुरंच स्वतःजवळ ठेवलं, त्यावरून प्रती करून विकल्या. आज डॉलरच्या नोटेवर तेच अवघडलेलं तोंड आहे. त्याच दशकात स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात पेशवे सवाई माधवराव आणि नाना फडणविसांना रंगवत होता. 1795 मध्ये तो तापाने गेला, तो मुंबईतलं आमचं चारकोप ज्या साष्टी बेटावर आहे त्याच साष्टीत. दरबारी माणसाला त्याने बोलतं कसं केलं असेल, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

माझा विद्यार्थी मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून रंगवतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, गाल मागे ओढले जातात आणि ओठांचा कोपरा नुसता काळा ठिपका होतो. फोटो कॅनव्हासवर छापून वर चार फटकारे मारणाऱ्यांना तर मी चित्रकार मानत नाही. त्यांच्याकडे गिऱ्हाईक जास्त, याचा मला राग येतो.

2006 मध्ये चित्रकार वासुदेव कामतांना पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा अभिमानाआधी मला मत्सर वाटला. त्या चित्रात मी आधी ओठच पाहिले. अजूनही कुणाचंही व्यक्तिचित्र पाहताना मी मनात माझा कोपरा त्याच्याशेजारी ठेवून बघतो, आणि माझा सरस ठरावा असं वाटतं.

आई-वडिलांचं चित्र हवं असेल तर ते गेल्यावर फोटो घेऊन येऊ नका. ते बोलतेचालते आहेत तोवर त्यांनाच घेऊन या.