शेपटी बघितली का?

आपल्याकडे ‘पिवळी चिमणी’ या नावाखाली निदान तीन पक्षी खपवले जातात. सुगरणीचा नर, चष्मेवाला आणि सुभग. पहिले दोघे एकदा ओळखले की पुन्हा त्रास देत नाहीत. सुभगाचं मात्र सबमिशनसारखं आहे, संपलं म्हणावं तर शेवटचं पान राहिलेलंच! कारण सुभग एक नाही, दोन आहेत.

आपला नेहमीचा सुभग नांदेडला विष्णुपुरीकडे गोदाकाठच्या झाडीत दिसतो, लातूरला लिंबावर दिसतो. चिमणीपेक्षा जरा लहान, पोट पिवळंधमक, काळसर पंखावर दोन पांढरे पट्टे. लांब शीळ घालतो. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर काळी टोपी येते. मग हा गडी हवेत उंच उडी घेतो, कमरेवरची पिसं फुगवतो आणि चेंडूसारखा गिरक्या घेत खाली येतो. कुठल्याही गॅदरिंगमध्ये याच्यापेक्षा बरा डान्स मी पाहिलेला नाही.

दुसरा पांढऱ्या शेपटीचा सुभग, म्हणजेच मार्शलचा सुभग. पहिल्याला लिनियसने 1758 मध्येच शास्त्रीय नाव दिलं. दुसरा वेगळा आहे हे सांगायला 1876 साल उजाडलं, आणि सांगणारा कोण, तर जॉर्ज मार्शल नावाचा लष्करातला इंजिनिअर! (सिव्हिलवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये.)

फरक सगळा शेपटीत. साध्या सुभगाच्या नराची शेपटी काळी, मादीची हिरवट. मार्शलच्या शेपटीत पांढरं असतं आणि पंखाच्या आतल्या पिसांनाही रुंद पांढऱ्या कडा असतात. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. झाडाखाली उभं राहिलं की कळतं, हा प्राणी शेपटी सोडून सगळं दाखवतो. पानांत उलटा लटकून अळ्या शोधत असतो, पोट दिसतं, चोच दिसते, शेपटी पानाआड. माझा एकच उपाय आहे: तो एका झाडावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत थांबायचं. उतरताना क्षणभर शेपटी पसरते. तेवढ्यात बघितलं तर बघितलं.

“काय बघायलास बे तासभर?” रूममेटने विचारलं.
“शेपटी.”
पुढचा आठवडाभर मेसमध्ये माझं नाव तेच होतं.

पण मला हा नुसता छंद वाटत नाही. साधा सुभग आंब्यात, लिंबात, बागेत, बाभळीत, कुठेही भागवतो. मार्शलच्या सुभगाला कोरडं, काटेरी रान लागतं. बाभूळ, बोर, हिवर असलेलं, म्हणजे आपण ज्याला ‘पडीक’ म्हणतो ते. अशा ठिकाणी दोघांना एकाच नावाने लिहिलं तर उद्या बाभळी गेल्या तरी यादीत ‘सुभग’ राहतोच. कोण गेलं, कुणालाच कळत नाही.

लातूरजवळ माझ्या मामांच्या शेताच्या बांधावर अशा बाभळींची लांब रांग आहे. मामांना ती काढायची आहे. सावलीने तूर दबते, काटे पायात जातात, मुळं पाणी ओढतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते त्यांनी पाहिलंय. “माणसाला पाणी पुरंना, अन् तू मला पाखराचं सांगायलास?” यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. एवढंच म्हणालो, “मामा, इथे कोण राहतंय ते तरी बघू द्या, मग काढा.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मृगापर्यंत थांबतो. तवर तुझी काय ती शेपटी बघून घे. नंतर जेसीबी येणार.”

आतापर्यंत वहीत त्या बांधावरच्या 31 नोंदी झाल्यात. 12 नोंदींपुढे ‘शेपटी काळी किंवा हिरवट’ असं लिहिलंय. उरलेल्या 19 पुढे ‘शेपटी दिसली नाही’. या 19 मुळे झोप लागत नाही. मित्र म्हणतो, सगळे साधेच असतील, लिहून टाक. नाही लिहिणार.

परीक्षा संपली की थेट मामांकडे जातोय. कुणाकडे बरी दुर्बीण असेल तर मृगापर्यंत हवी आहे. हॉस्टेल, दुसरा मजला, ‘शेपटी’ म्हणून विचारा, कुणीही खोली दाखवेल.