एक खण

वडिलांची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार जमाखर्चाला वापरतात तसली. तिच्यात दर उन्हाळ्यात घरावर झालेला खर्च लिहिलेला आहे. ‘पांढरी माती, चार गाड्या.’ ‘तिसऱ्या खणाची एक कडी बदलली.’ ‘न्हाणीची फरशी, मजुरीसह.’ १९७२ च्या दुष्काळातही पान कोरं नाही. तिथे एवढंच आहे, ‘कुलूप दुरुस्त, आठ आणे.’ वडील गेले त्याला तीन वर्षं झाली. वही तिथेच थांबली, आणि गेल्या आषाढात माजघरात माय झोपते नेमक्या त्या जागी पाणी टिपकायला लागलं.

नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला. “दादा, विकून टाक आता. कॅम्पात फ्लॅट घे, नाहीतर सोयगावला. लिफ्ट असेल, पार्किंग असेल.” त्याचं चुकत नव्हतं. आमची गल्ली मालेगावच्या किल्ल्याच्या मागे. चारचाकी आत येत नाही, आणि सिलिंडरवाला कोपऱ्यावरून हाक मारतो.

घर पाच खणांचं, धाब्याचं. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, मग पालापाचोळा आणि चिखल, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती शेतातली नव्हे. आपल्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. गाव उठून गेलं की मागे जी राखाडी-पांढरी टेकाडं उरतात, तिथली माती खणून धाब्यावर टाकायची चाल खानदेशभर होती, कारण ती पाणी अडवते, फुटत नाही. म्हणजे जन्मभर माझ्या डोक्यावर कुणाचं तरी सोडून दिलेलं घर होतं. हे मला पन्नाशी उलटल्यावर सुचलं. वडिलांना ठाऊक असणार. पण त्यांनी वहीत फक्त गाड्या मोजल्या.

मिस्त्री चाचा बघायला आले. सत्तरीला आलेले, पण शिडी न धरता वर चढले. तुळईवर बोटाने ठोकून त्यांनी आवाज ऐकला, भिंतीत खिळा खुपसून पाहिला. खाली आल्यावर म्हणाले, “सर, स्लॅब टाकायचा म्हणता ना? ही मातीची भिंत स्लॅब उचलणार नाही. आधी भिंती पाडाव्या लागतील. मग पाया. पाया खोदला की उरलं काय? नंबर.”

त्यांनी ‘नंबर’ म्हटलं ते सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरच्या नंबराबद्दल. मी ज्याला नूतनीकरण म्हणत होतो, ते करायचं तर घर सोडण्याइतकंच घर जाणार होतं. जागा तीच, पण तिथून उठून जाणं मात्र पुरतं.

सरकारनेही हा हिशोब आपल्या परीने करून ठेवलाय. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत राहतं घर घ्यायला काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठीच्या कर्जावर तीस हजार. नव्या पद्धतीत राहत्या घराला दोन्हीपैकी काहीच नाही. घर विकलं तर नफा मोजताना जुन्या वडिलोपार्जित घराची १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. आमच्या घराची ती किंमत कोण सांगणार? त्या एप्रिलात मालेगावला अजून नगरपालिकाच होती. महापालिका झाली ती त्याच वर्षी डिसेंबरात. आणि मधल्या ऑक्टोबरात दंगल.

तेही लिहायला हवं. मोसम नदीच्या एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला राहायला जाण्याची चर्चा या गावात तुळयांना वाळवी लागली म्हणून झालेली नाही. २००१ नंतर झाली, २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर झाली. आमच्या गल्लीतली दोन घरं तेव्हा विकली गेली, पडेल भावात. वडिलांच्या वहीत २००१ साली नोंद आहे, ‘पुढच्या दाराला नवा कडी-कोयंडा.’ दुसऱ्या ओळीत, ‘पांढरी माती, तीन गाड्या.’ पहिली ओळ भीतीची म्हणू या. दुसरीला काय म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एरवी हे गाव तरी कुणाचं मूळचं? सरदार नारोशंकरांनी १७४० मध्ये किल्ल्याचं काम काढलं, तेव्हा बाहेरगावचे कारागीर आले आणि राहिले, असं सांगतात. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर आले. हातमागाचे पॉवरलूम झाले, पण माणसं इथेच राहिली. शेजारच्या गल्लीतले पॉवरलूमचे सांचे रात्रीही चालतात. आमच्या कोनाड्यातली पितळी भांडी त्यांच्या ठेक्यावर किणकिणतात. शुक्रवारी सांचे बंद, तेव्हा मायला झोप लागत नाही. खुद्द किल्ल्याने १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांच्या तोफा खाल्ल्या. आतले अरब शिपाई जवळजवळ महिनाभर लढले. आज आत काकाणी विद्यालय भरतं. तटबंदीची डागडुजी कोण कितपत करतं ते दिसतंच आहे. पण रोज सकाळी पोरं आत जातात, संध्याकाळी बाहेर येतात. किल्ल्याचं म्हणावं तर एवढं एक वहिवाटीचं काम चालू आहे.

सोयगावला फ्लॅट बघायला मायला घेऊन गेलो. तिसरा मजला, गुळगुळीत फरशी, स्वयंपाकघरात काळा कडप्पा. एजंटाने खिडकी उघडून वारा दाखवला. मायने सगळं पाहिलं, नळ सोडून पाहिला, मग मान वर करून छताकडे बघत राहिली.

“वर कोन ऱ्हास?”

एजंटाला अहिराणी कळत असावी. “चौथा मजला आहे ना आजी, फॅमिली आहे चांगली.”

“मंग वर माती कोन टाकी?”

तो हसला, मीही हसलो. परतताना रिक्षात ते हसू जिरलं. माय म्हातारपणी काही तरी बरळली, असं नव्हतं ते. तिच्या लेखी छत म्हणजे दर वैशाखात चढून जाण्याची जागा. जिथे आपला माणूस चढू शकत नाही, ते आपल्या डोक्यावरचं कसं?

तेव्हा वही पुन्हा काढून बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. ‘दुरुस्त करायचं की सोडायचं’ हा प्रश्न वडिलांना कधी पडलाच नव्हता, कारण त्यांचं घर कधी पुरं झालेलंच नव्हतं. कधी कडी, कधी फरशी, नाहीतर चार गाड्या माती. आपण घराला एकदाच घ्यायची वस्तू समजतो, फ्रिजसारखी. मग तीन वर्षं हात लावत नाही, आणि गळायला लागलं की एकदम पंचवीस लाखांचा प्रश्न समोर घेऊन बसतो. तीन वर्षांची माती मी टाकली नाही, हे आधी कबूल करायला हवं होतं. भावाशी बोलताना मी ‘घर जुनं झालंय’ असं म्हणालो. जुनं ते पूर्वीही होतंच.

अर्थात सगळंच वहीने भागत नाही. सागाच्या कड्या आता मिळतात त्या पाडलेल्या वाड्यांच्या, भंगारवाल्याकडे. पांढरी माती आणणारे गाढववाले दिसत नाहीत. आणि जुन्या टेकाडांत पूर्वजांची भांडीकुंडी निघतात, ती अशी धाब्यांवर पसरणं बरं नव्हे, हेही आता कळतं. भावाचा हिस्सा आहे. त्याच्या मुलीच्या शिक्षणाला पैसा लागणार आहे. दोन वर्षांनी कदाचित आम्ही सोयगावलाच असू.

चाचांना पुन्हा बोलावलं. म्हटलं, “स्लॅब राहू द्या. माजघराचा एक खण तेवढा करा.”

त्यांनी विचारलं, “आणि बाकीचे चार?”

“पुढच्या उन्हाळ्यात बघू.”

वरून माती नको, पत्रा टाकू, कड्या दोन बदलू, भिंतीला आतून चुना, असं त्यांनी बोटांवर मोजलं आणि पाच हजार ॲडव्हान्स मागितला. मी तो दिला. संध्याकाळी वही उघडली तर पेन चालेना. कागद जुना, शाई धरेना. मायच्या हिशोबाच्या डब्यातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ‘माजघर, एक खण. चाचांना पाच हजार. पावती नाही.’