आबांचा हिशोब

मुलांनो, नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या आगगाडीत कधी बसलात, तर मुदखेड मागं पडल्यावर खिडकीची जागा मुळीच सोडू नका. थोड्याच वेळात पिवळ्या पाटीवर नाव दिसेल : उमरी. तेच माझं गाव! पुढं करखेली येतं, मग मिरचीसाठी नावाजलेलं धर्माबाद, आणि त्याच्या पुढचं बासर तर थेट तेलंगणात. तिथं गोदावरीकाठी सरस्वतीचं देऊळ आहे. लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला तिथं नेतात. मलाही नेलं होतं. मी म्हणे अक्षर गिरवायच्या आधी पाटीवरची पेन्सिलच खाऊन टाकली!

असं हे दोन भाषांच्या सीमेवरचं गाव. त्यामुळं आमच्या घरात काय गंमत चालायची म्हणून सांगू! आत्या निजामाबादला दिलेली. तिची मुलं सुट्टीत आली, की शेजारपाजारी ऐकलेल्या तेलुगूच्या सवयीनं माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या मामीला, ‘अत्ता’ म्हणत. धाकटा ओरडायचा, “अत्ता, भूक लागली!” आज्जीला कानानं जरा कमी ऐकू यायचं. ती म्हणायची, “आत्ता? आत्ताच तर दोन भाकरी खाल्ल्यास की रे!” अंबाडीची भाजी आणि गरम भाकर पुन्हा ताटात पडेपर्यंत हा घोळ मिटत नसे.

आबांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या लहानपणी इथं निजामाचं राज्य होतं आणि सरकारी शाळेत उर्दूतून शिकवत. त्यामुळं आबा किराणा दुकानाचा हिशोब उर्दूत लिहीत, उजवीकडून डावीकडं. “यांचं सगळं उलट्या बाजूनंच!” असं आज्जी म्हणे. त्यावर आबांचं एकच उत्तर, “हौ!”

आता गंभीर गोष्ट सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते. रझाकारांची दहशत होती. लढ्याला पैसा हवा होता. तो आणायचा कुठून? ३० जानेवारी १९४८ या दिवशी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीतली निजामाची बँकच लुटली! सुमारे वीस लाख रुपये त्यांच्या हाती लागले. त्या काळचे वीस लाख, बरं का! आणि त्याच संध्याकाळी तिकडं दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

ही लूट म्हणजे आबांचा हक्काचा विषय. जेवण झालं, की अंगणात बाज टाकून ते सुरू करीत. मी पहिलीत होतो तेव्हा आबांनी ती लूट लांबून पाहिली होती. तिसरीत गेलो, तर त्यांनी सैनिकांना पाणी पाजलं होतं. पाचवीत आलो, तेव्हा नोटांचं एक पोतं त्यांच्या खांद्यावर होतं! “तेव्हा तुमचं वय काय होतं, आबा?” असं विचारलं, की म्हणत, “असेन पंधरा-सोळा वर्षांचा.” जन्मतारीख कुणी लिहून ठेवली होती? आज्जी मात्र भांडी आवरता आवरता नुसती हसायची. ती का हसते, हे मला कळायचं नाही.

मी वर्गात छाती फुगवून सांगायचो, “माझ्या आबांनी बँक लुटली!” अन् इथंच घोटाळा झाला. १९९८ साल आलं. १७ सप्टेंबरला मुक्तीला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. गुरुजी म्हणाले, “तुझ्या आबांनाच झेंडावंदनाला बोलवू. मुलांना आठवणी सांगतील.” मी धावतच घरी गेलो. वाटलं, आबा खूश होतील. पण त्या रात्री आबा जेवले नाहीत की अंगणात बाजही टाकली नाही.

सतरा तारखेला आबा धुवट धोतर नेसून शाळेत आले. झेंडा वर गेला. आबा उभे राहिले. मी पहिल्या रांगेत, कॉलर ताठ करून बसलेलो. आबांनी घसा खाकरला.

“लेकरांनो, मी त्या दिवशी बँकेत नव्हतो. मी नऊ वर्षांचा होतो. गावात गडबड उडाली, तशी माझ्या आईनं मला उचललं आणि ज्वारीच्या अर्ध्या कणगीत टाकून वर झाकण लावलं. मी काहीच पाहिलं नाही. नुसता आवाज ऐकला आणि रडलो.”

सगळी शाळा हसली. मला वाटलं, आपल्यालाही एखादी कणगी मिळाली तर बरं!

आबा थांबले. मग म्हणाले, “नातवाला मी खोटं सांगत आलो. पण काल रात्री झोप लागेना. त्या माणसांनी लाखो रुपये हाताळले आणि पै-पैचा हिशोब दिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अशा माणसांच्या नावावर, या झेंड्याखाली, मी खोटा हिशोब कसा देऊ?”

मग मात्र कुणी हसलं नाही. गुरुजींनी आधी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

घरी येईपर्यंत मी आबांशी बोललो नाही. राग होता की लाज, आज सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं मला ‘कणगी’ म्हणू लागली, ते वर्षभर पुरलं. पण एक सांगतो. त्यानंतर आबा अंगणात तीच गोष्ट सांगायला बसले, तेव्हा पोतं गेलं, पाणीही गेलं. उरली ती अंधारात दडलेलं एक भेदरलेलं पोर आणि झाकणावर हात दाबून बसलेली त्याची आई. अन् काय सांगू, ती गोष्ट मला पहिल्या सगळ्यांपेक्षा खरीखुरी भीतीची वाटली.

आज्जीला मात्र सारं लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. तिच्या सासूनंच सांगितलेलं! शाळेतून आम्ही घरी परतलो, त्या दिवशी तिनं आबांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, “चला, पन्नास वर्षांनी का होईना, कणगीतून बाहेर आलात एकदाचे!”

आबा म्हणाले, “हौ!”