क्वालालंपूर : शिक्क्यावर चालणारा बाजार

क्वालालंपूर म्हटले की पर्यटकांच्या डोळ्यांपुढे पेट्रोनासचे जुळे मनोरे उभे राहतात. सहलीच्या बसगाड्या तिथे थांबतात, फोटो निघतात आणि मंडळी गेंटिंगच्या थंड हवेकडे निघून जातात. पण हे शहर काय खाते ते पाहायचे असेल, तर सकाळी लवकर मोनोरेलने चाउ किटला उतरावे. कथिलाच्या खाणींवर गब्बर झालेल्या एका चिनी शेठजीचे नाव या भागाला मिळाले आहे. बाजार मात्र अस्सल मलायी.

फरशी ओली, वाटा अरुंद आणि हाकांचा गलका. गवती चहाच्या जुड्या, ओला नारळ, सुके मासे, हिरव्या-लाल मिरच्यांचे ढीग पाहून कोकणातल्या बाईला परकेपणा वाटणार नाही. पुढे मांसाची रांग लागते. 'आयाम' म्हणजे कोंबडी, 'काम्बिंग' म्हणजे बकरा आणि 'दागिंग' म्हणजे मांस, पण बोलीत बहुधा गाईगुरांचेच. दागिंगमध्येही दोन जाती. 'तेम्पातान' म्हणजे स्थानिक, ताजे आणि महाग. 'इम्पोर्ट' म्हणजे परदेशातून गोठवून आणलेले, खिशाला परवडणारे. ईदच्या दिवसांत घरोघरी रेंडांग शिजते. नारळाच्या दुधात तासन् तास आटवलेले हे मसालेदार मांस मोठ्या कुटुंबाला पुरवायचे, तर पुष्कळ घरांना इम्पोर्टचाच आधार.

गिऱ्हाईक भाव विचारते, चरबी किती ते बोटाने दाबून पाहते. 'हे हलाल आहे ना?' असे मात्र फारसे कोणी विचारत नाही. विचारावे लागत नाही, हीच या बाजाराची खरी मिळकत.

महाराष्ट्रातल्या खेड्यांनाही हे अगदीच नवे नाही. गावगाड्यात मुलाणी होता. जत्रेचे बकरे असो की लग्नाचे, सुरी तोच चालवी आणि त्याचा वाटा त्याला मिळे. खाणारे बहुतेक हिंदू, कापणारा मुसलमान आणि जनावर सगळ्यांच्या देखत कापले जाई. कागद नाही, शिक्का नाही. माणूसच ओळखीचा, मग शंका कसली?

पण जनावर एका देशात कापले आणि रेंडांग दुसऱ्या देशात शिजले, तर मुलाण्याची जागा कोणी घ्यायची? मलेशियात ती सरकारने घेतली. हलालचा दाखला तिथे १९७४ पासून दिला जातो आणि १९९४ पासून त्याला चिन्हाचे रूप आले. वर्तुळात आठ कोनांचा तारा आणि मधोमध अरबी अक्षरांत 'हलाल'. आज हे काम पाहणाऱ्या खात्याला 'जाकिम' म्हणतात. चहाच्या टपरीवरचा पोरगाही हे नाव जाणतो.

सुरीचे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. कापणारा मुसलमान आणि शहाणासुरता हवा, सुरी धारदार हवी, अल्लाचे नाव घेऊन श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापायच्या आणि रक्त वाहून जाऊ द्यायचे. जनावर त्या क्षणी जिवंत हवे. विजेचा सौम्य झटका देऊन आधी बधिर करावे का, यावर मुसलमानांतही मतभेद आहेत. जनावर झटक्यानेच मरत नसेल, तर मलेशिया काही अटींवर त्याला परवानगी देतो.

खरी गंमत सुरीनंतर सुरू होते. चाउ किटच्या गोठवलेल्या खोक्यांतला मोठा हिस्सा भारतातल्या म्हशीच्या मांसाचा असतो. गाईच्या मांसाच्या निर्यातीला भारतात बंदी आहे आणि म्हशीचे मांसही हाडे काढूनच बाहेर पाठवता येते. मलेशियाचे पशुवैद्यकीय खाते आणि जाकिम या दोघांनीही मंजूर केलेल्या कत्तलखान्यांचेच मांस तिकडे उतरते. भारतानेही आता आपल्या बाजूने नियम कडक केले आहेत. १६ ऑक्टोबर २०२४ पासून मलेशियासह ठरावीक देशांना 'हलाल' म्हणून मांस पाठवायचे, तर मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला सक्तीचा झाला.

आपल्या न्हावाशेवा बंदरातून असे कंटेनर सुटतात. आत उणे १८ अंशांची थंडी, दाराला सील. आता प्रश्न येतो तो कंटेनरचाच. मागच्या फेरीला त्यात काय होते? डुकराचे मांस नेलेले असेल, तर नुसते धुऊन चालत नाही. मलेशियात त्यासाठी 'सेर्तू' करावे लागते. सात वेळा धुवायचे आणि त्यांतले एक पाणी माती कालवलेले. शिवाय आज हलाल, उद्या डुक्कर, परवा पुन्हा सेर्तू असा खेळ कारखान्याच्या यंत्रांशी करू देत नाहीत. कोणाला हे फारच वाटेल. पण ज्या घरात उपवासाची भांडी वेगळ्या फळीवर असतात आणि सामिषाचा तवा वेगळा टांगलेला असतो, त्या घरातल्या आजीला ते समजावून सांगावे लागणार नाही. २०१० साली मलेशियाने वाहतूक, गोदाम आणि दुकान या तिन्ही टप्प्यांसाठी हलालची वेगळी मानके काढली. म्हणजे लॉरीवाला आणि गोदामाचा मुकादम हेही त्या सुरीइतकेच जबाबदार झाले.

आणि साखळी तुटली ती नेमकी तिथेच. डिसेंबर २०२० मध्ये दक्षिणेकडच्या जोहोर राज्यात सेनाईजवळच्या एका गोदामावर सरकारी धाड पडली. सुमारे १,५०० टन गोठवलेले मांस जप्त झाले. किंमत तीन कोटी रिंगिट. मंजुरी नसलेल्या ठिकाणांहून आणलेल्या मांसावर हलालचे खोटे शिक्के मारले जात होते, असा आरोप झाला. पाठोपाठ वृत्तपत्रांत बातम्या आल्या की, हा धंदा कित्येक वर्षांचा आहे, अधिकाऱ्यांना लाच दिली जाते आणि घोड्याचे व कांगारूचे मांसही त्यात मिसळले जाते.

देश हादरला. त्यात पैशाची फसवणूक होतीच, पण ती भरून काढता येते. गेल्या ईदला सासऱ्यांच्या पानात वाढलेला घास कसा परत घ्यायचा? नकळत खाणाऱ्याला दोष लागत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. तरी मन खात राहायचे ते राहतेच. शिवाय प्रामाणिक व्यापाऱ्यांनाही त्याची झळ पोचली, कारण गोठलेल्या तुकड्याकडे नुसते पाहून तो म्हशीचा की आणखी कशाचा हे घरच्या बाईला ओळखता येत नाही. डोळे जिथे हरतात तिथेच शिक्का लागतो. तोच खोटा निघाला, तर हातात उरते काय?

दोष एकट्या शिक्क्याचा नव्हता. बंदरापासून गोदामापर्यंत पशुवैद्यकीय, सीमाशुल्क, विलगीकरण आणि धर्म अशी बरीच खाती होती. जो तो आपापला कागद पाहत होता. त्या धाडीनंतर या खात्यांतला ताळमेळ आणि आयातीवरची देखरेख हा तिथे मोठा चर्चेचा विषय झाला.

चाउ किटचा बाजार मात्र भरतोच आहे. तिथून मोठ्या दुकानांकडे गेले की आणखी एक दृश्य दिसते. बऱ्याच सुपरमार्केटांत एका कोपऱ्यात काचेआड 'नॉन-हलाल' अशी पाटी लावलेली खोली असते. डुकराचे मांस, सॉसेज वगैरे तिथे. त्या खोलीचा गल्लाही वेगळा. चिनी गृहिणी आत जाते, तिथलाच माल तिथेच पैसे देऊन पिशवीत बांधून घेते, मग बाहेर येऊन तांदूळ, भाजी, साबण गोळा करते आणि दुसऱ्या रांगेत उभी राहते. एका खरेदीची दोन बिले. तिच्या मागे डोक्याला स्कार्फ बांधलेली मलायी बाई उभी असते. तिच्या गाडीत गोठवलेल्या मांसाचे पाकीट असते आणि रांग पुढे सरकेपर्यंत ती ते उलटून मागची बारीक अक्षरे वाचत असते.