राजगडाच्या कोठारापाशी

सवी सावरकरांच्या चित्रांतला गळ्यात मडकं, पाठीला झाडू असलेला पेशवाईतला माणूस एकदा पाहिला की पिच्छा सोडत नाही. पुण्याच्या एका प्रदर्शनात शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ही झाली अस्पृश्यता. गुलामी ती अमेरिकेतली. आपल्याकडे नव्हतीच." त्या वाक्यानेच मला आपल्याकडच्या गुलामीच्या खुणा शोधायला भोर-वेल्ह्याकडे पिटाळलं.

भोरचा राजवाडा उभ्याउभ्या पाहून पुढे निघालो. वेल्ह्यात मिळालेली खोली कोंदट, गादी ओलसर. रात्रभर डोळा लागला नाही. पहाटेच गुंजवण्याहून राजगड चढायला घेतला.

बालेकिल्ल्याकडे रांग लागली होती. मी मात्र पद्मावती माचीवरच्या पडक्या कोठारापाशी बसून राहिलो. पेशवाईच्या कागदपत्रांत सरकारी कुणबिणी, म्हणजे गुलाम दासी, भेटतात. त्या विकत घेतलेल्या असत, दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या असत किंवा व्यभिचाराच्या आरोपाखाली दासी केलेल्या असत. किल्ल्यांवर आणि कोठ्यांत त्या दळत, कांडत. गडकऱ्यांच्या पराक्रमाचे पोवाडे झाले. त्यांच्या ताटातल्या भाकरीचं पीठ कुणी दळलं, हे कुणी विचारलं नाही.

माझ्याबरोबर आलेले इतिहासाचे अभ्यासक म्हणाले, "आपल्याकडची दासी घरातलीच असे. उसाच्या मळ्यातल्या गुलामीशी तुलना नको." फरक आहेच, तो मला मान्य आहे. पण जिची खरेदी-विक्री होते, जिला मनाने निघून जाता येत नाही, ती घरातली कशी? इतिहासकार सुमित गुहांनी अठराव्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या गुलामीवर लिहिलंय, ते वाचल्यावर 'सौम्य' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला. त्यानंतर तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. दोन्हीकडची गुलामी त्यांना एका नजरेत दिसत होती.

ही आठवण कलेतही उभी करता येते. २०१४ मध्ये अमेरिकी कलाकार कारा वॉकर यांनी ब्रुकलिनच्या बंद पडलेल्या डोमिनो साखर कारखान्यात साखरेने मढवलेली अवाढव्य कृष्णवर्णी स्त्री, स्फिंक्ससारखी बसलेली, घडवली. जिथे साखर शुद्ध होत होती, तिथेच साखरेमागच्या गुलामांची आठवण उभी केली. सवी सावरकरांनी पेशवाईतला तो माणूस कागदावर आणला. दळणारी कुणबीण अजून कुठल्या गडावर उभी राहिलेली मी पाहिली नाही. एखाद्या मराठी चित्रकर्तीने या कोठारात यावं, इथल्याच दगडावर, पिठाने काम करावं. गडावर येणाऱ्या पोरांना शिवरायांच्या इतिहासासोबत ती कुणबीणही दिसली पाहिजे. अभ्यासकांना हे पटलं नाही. गड उतरेपर्यंत आम्ही भांडत होतो.