जाळी विणणाऱ्या पेशी

रेटिक्युलिनचा स्टेन मी अजून स्वतःच्या हाताने करते. चांदीच्या द्रावणात अमोनिया थेंब थेंब घालायचा आणि गढूळपणा जेमतेम जातो तिथे थांबायचं. ही वेळ घड्याळाला कळत नाही, नजरेलाच कळते. काचसामान जरा अस्वच्छ राहिलं तर चांदी नको तिथे बसते. सगळं जमलं, की लसिका ग्रंथीच्या कापात काळ्या तंतूंची नाजूक जाळी उमटते.

माझा जीव मात्र ही जाळी विणणाऱ्या जालपेशींवर. त्या चांदीत दिसतच नाहीत. कोलॅजनच्या तंतूंना त्या बाहेरून कवेत घेतात. आतल्या नळीतून लसिकेतले लहान रेणू खोलवर झिरपतात आणि त्याच पेशींच्या अंगावरून टी-पेशी वाट काढतात. आमच्या शिक्षणात त्यांना 'आधार' म्हणून एका ओळीत संपवलं होतं, हे मला आजही खटकतं.

मांडव आधी घालायचा आणि वेल मग चढवायची, असं इथे नसतं. दोघं एकमेकांना घडवतात. गर्भात काही रक्तपेशी लिम्फोटॉक्सिनचा संदेश घेऊन येतात. तो मिळाला की तिथल्या साध्या संयोजी पेशी संघटक बनतात आणि सीएक्ससीएल-13 सोडून आणखी पेशींना बोलावतात. लिम्फोटॉक्सिन-अल्फाचं जनुक काढलेल्या उंदरांत लसिका ग्रंथी तयारच होत नाहीत, हे 1994 मध्ये दिसलं.

पुढचं शेजारावर ठरतं. टी-पेशींच्या भागातल्या पेशी सीसीएल-19 आणि 21 सोडतात, इंटरल्युकिन-7 देऊन टी-पेशींना जगवतात. बी-पेशींच्या पुटकातल्या फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी प्रतिजन महिनोन्‌महिने धरून ठेवतात. उंदरांच्या ग्रंथींत या पेशी आवरणालगतच्या जालपेशींपासून होतात, असं 2014 च्या संशोधनाने दाखवलं. पण एकदा घडल्या म्हणजे झालं, असंही नाही. बी-पेशींकडून येणारं लिम्फोटॉक्सिन रोखलं, तर त्यांचं जाळं थोड्याच दिवसांत विस्कटतं.

पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येतं, तेव्हाही जाळी विणणाऱ्या जालपेशीच कामाला लागलेल्या असतात. जखमेकडून आलेल्या डेंड्रिटिक पेशी त्यांच्यावरच्या पोडोप्लॅनिनला धरतात, तशा जालपेशी आपला ताण सैल सोडतात आणि ग्रंथीला फुगायला जागा मिळते.

म्हणून शंकास्पद गाठीत मी लिम्फोसाइट पाहून थांबत नाही, फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी दाखवणारा सीडी 21 चा स्टेनही मागवते. त्यांचं जाळं पुटकाबाहेर, उंच अस्तराच्या शिरिकांभोवती पसरलेलं दिसलं, तर अँजिओइम्युनोब्लास्टिक लिम्फोमाचा विचार करावाच लागतो. टी-पेशी वरवर निरुपद्रवी वाटत असल्या तरीही.