भिडेचा होकार

मराठीत ‘हो’ हा शब्द खऱ्या होकारासाठी फार कमी वेळा खर्ची पडतो. फोनवर समोरचा बोलत असताना आपण ‘हो, हो’ करत राहतो ते आपण ऐकतोय हे त्याला कळावं म्हणून. ‘लग्नाला येणार ना?’ याला ‘हो हो, नक्की’ हे उत्तर न येणारा माणूसही तितक्याच तत्परतेने देतो. खरा होकार द्यायचा असतो तेव्हा मराठी माणूस बहुतेक वेळा क्रियापदाचा आधार घेतो. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘पाणी आलं का?’ ‘आलं.’ अशा भाषेत जगणाऱ्या माणसासमोर आपण मोबाइलच्या पडद्यावर दोन गोल ठेवतो, एकासमोर ‘हो’ आणि दुसऱ्यासमोर ‘नाही’ लिहितो, आणि त्याने दाबलेलं बोट म्हणजे त्याचं मत असं धरून टक्केवारी काढतो. प्रश्नावल्या लिहिण्याच्या कामात हा प्रश्नप्रकार सर्वांत सोपा समजला जातो. माझं मत उलट होत गेलं आहे. तो विचारणाऱ्याला सोपा आहे. उत्तर देणाऱ्याच्या मनातला ‘हो, पण…’ मधला ‘पण’ कुठे ठेवायचा, ही अडचण तो गुपचूप त्याच्याच गळ्यात घालतो.

हा ‘पण’ किती मोठा असतो, याचा एक जुना पुरावा अमेरिकेतला आहे. डोनाल्ड रग यांनी १९४१ साली एक साधी तुलना प्रसिद्ध केली. लोकशाहीविरोधी भाषणांना देशात परवानगी असावी का, असं एका गटाला विचारलं. तेव्हा ६२ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. अशा भाषणांवर बंदी घालावी का, असं दुसऱ्या गटाला विचारलं; तेव्हा ‘हो’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. तर्काच्या हिशेबाने परवानगी न देणं आणि बंदी घालणं एकच. माणसांच्या हिशेबाने तसं नाही. परवानगी द्यायला कचरणारा माणूस बंदीची कुऱ्हाड हातात घ्यायलाही कचरतो. हे मधले लोक प्रश्नाच्या शब्दाप्रमाणे कधी या बाजूला, कधी त्या बाजूला मोजले जातात. दोनच खाने असल्यामुळे ते मधले आहेत हे आकड्यांत कुठेच दिसत नाही. दिसतं ते ठाम बहुमत.

दोनच खाने समोर आले की हा ‘पण’ गिळून माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. भीड माणसासमोर असते, पडद्यासमोर कसली? दारात वही घेऊन उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला बरं वाटावं म्हणून कुणी ‘हो’ म्हणेल. ऑनलाइन फॉर्म भरताना समोर कुणीच नसतं. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण इथे लागू होत नाही, असं म्हणता येईल. ते बरंचसं खरंही आहे. क्रॉयटर, प्रेसर आणि टूरांजो यांनी २००८ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची उत्तरं विद्यापीठाच्या नोंदींशी ताडून पाहिली. परीक्षेतल्या अपयशासारख्या अडचणीच्या गोष्टी फोनवर विचारणाऱ्या माणसापेक्षा वेबवरच्या फॉर्ममध्ये लोक अधिक मोकळेपणी कबूल करतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे भीड कमी होते. पण भीड गेली की तिच्या रिकाम्या जागेवर आळस येऊन बसतो. माणसं पुरेसं वाटलं की थांबतात, सर्वोत्तमाच्या मागे लागत नाहीत, ही हर्बर्ट सायमन यांची कल्पना जॉन क्रॉसनिक यांनी १९९१ साली सर्वेक्षणांना लावली. उत्तर शोधायला डोकं खाजवावं लागलं, की कंटाळलेला माणूस चालून जाईल असं पहिलं उत्तर देतो आणि पुढे जातो. हो-नाहीच्या प्रश्नात ते उत्तर आयतं, वरच, अंगठ्याच्या टप्प्यात असतं. शिवाय समोर बसलेला प्रश्नकर्ता ‘हो, म्हणजे तसं…’ हे ऐकून निदान पेन थांबवतो. बटणाला कान नसतात.

आळसाहूनही वाईट असतो तो कमाईचा होकार. पैसे किंवा कूपन देऊन जिथे कुणालाही नाव नोंदवू देतात, अशा ऑनलाइन पॅनेलवर ‘तुम्ही अमुक करता का?’ असा चाळणीचा प्रश्न पहिल्यांदा येतो. ‘नाही’ म्हटलं तर फॉर्म संपतो, हे सराईत भरणाऱ्याला माहीत असतं. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने अशाच एका पॅनेलवर, तुमच्याकडे अणुऊर्जेवर चालणाऱ्या एका वर्गातली पाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का, असं विचारून पाहिलं. तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. इतक्या पाणबुड्या जगातल्या सगळ्या समुद्रांतही निघणार नाहीत. हाच प्रश्न ‘यांपैकी तुम्ही काय चालवता?’ असा सहा-सात वाहनांच्या यादीतून विचारला, तर कोणत्या उत्तराला बक्षीस आहे हे भरणाऱ्याला कळत नाही. म्हणून चाळणी कधीही हो-नाहीत लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

मराठीत प्रश्नावली लिहिताना आणखी एक खड्डा लागतो. ‘तुम्हाला हप्ता मिळाला नाही का?’ या प्रश्नाला हप्ता न मिळालेला माणूस ‘हो’ म्हणतो (हो, मिळाला नाही) आणि ‘नाही’ही म्हणतो (नाही मिळाला). बोलताना पुढचं क्रियापद अर्थ सांभाळून घेतं. बटणावर क्रियापदच नसतं. नकाराने गोंधळ होतो हे इंग्रजीतही सिद्ध झालेलं आहे. १९९२ साली रोपर या संस्थेने अमेरिकनांना विचारलं होतं की, नाझींनी ज्यूंचा संहार केलाच नव्हता हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य. २२ टक्के लोकांनी ‘शक्य’ म्हटल्यावर मोठी खळबळ उडाली. १९९४ मध्ये दुहेरी नकार काढून साध्या शब्दांत तोच प्रश्न विचारला, तेव्हा हा आकडा एका टक्क्यावर आला. देशातले एक पंचमांश लोक दोन वर्षांत शहाणे झाले नव्हते. प्रश्न शहाणा झाला होता. आपल्याकडे हा खड्डा अधिक खोल आहे, कारण मराठी प्रश्नावली बहुधा इंग्रजीवरून उतरवलेली असते, आणि उतरवणाऱ्याचं सगळं लक्ष प्रश्नावर असतं. बटणांचा अनुवाद एकदाच होतो आणि तो सगळीकडे चिकटवला जातो.

मतांचं सोडा, निव्वळ माहितीच्या प्रश्नांना तरी हो-नाही चालेल, असं म्हणतात. मीही म्हणतो, पण अट घालून. ‘तुमच्याकडे शेतजमीन आहे का?’ हा प्रश्न बघा. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, वाटणी अजून झालेली नाही, कसतो चुलता, आणि फॉर्म भरणारा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने काय दाबावं? जी बाई जन्मभर त्या रानात राबली आणि जिचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही, तिने काय दाबावं? बटाईने दुसऱ्याची जमीन करणाऱ्याचं काय? ‘घरी इंटरनेट आहे का?’ यातही तेच. मोबाइल एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि रिचार्ज संपून आठ दिवस झालेले. यातलं प्रत्येक उत्तर खरं असू शकतं, आणि म्हणूनच त्यांची बेरीज निरर्थक होते. ‘गेल्या सात दिवसांत तुम्ही स्वतः मोबाइलवर इंटरनेट वापरलं का?’ असं विचारलं की कोण, कधी, कशावर हे तिन्ही ठरतं आणि मग हो-नाही पुरतं. पण इतकं काम प्रश्नातच करावं लागलं, तर हा प्रकार सोपा कसा?

असं असलं तरी एका ठिकाणी मी याच प्रकाराची बाजू घेतो. ‘लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करा’ अशी यादी ऑनलाइन फॉर्ममध्ये सर्रास दिसते. जोलीन स्मिथ, डॉन डिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या यादीची तुलना प्रत्येक ओळीला वेगळं हो-नाही विचारण्याशी केली. दुसऱ्या प्रकारात लोकांनी जास्त वेळ घेतला आणि जास्त गोष्टी आपल्याला लागू असल्याचं सांगितलं. कारण उघड आहे: खुणांच्या यादीत वरच्या दोन-तीन ओळींवर टिचकी मारून सुटता येतं, आणि रिकामा चौकोन म्हणजे ‘नाही’ की ‘वाचलंच नाही’ हे कळायला मार्ग नसतो. इथे पुन्हा कुणी म्हणेल, ही जास्तीची ‘हो’ कशावरून खरी? ती त्याच आळसाची नसतील कशावरून? शंका रास्त आहे. पण उत्तराला लागलेला जास्त वेळ आळशाचं लक्षण नव्हे. ओळ छोटी, ठोस आणि अनुभवाची असेल तर मी या पद्धतीवर विश्वास ठेवतो. तीस ओळी झाल्या, की माझा विश्वास संपतो.

आणखी एक युक्तिवाद असा की, शेवटी निर्णय हो किंवा नाहीच असतो, मग प्रश्न तसाच का नसावा? निर्णयाच्या वेळी हे बरोबर आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळं केंद्रशासित राहणं, अशा दोनच खुणा होत्या. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी दोन पानं जिंकली. स्वतंत्र राज्य हा पर्याय त्या कागदावर नव्हता. ते ३० मे १९८७ ला मिळालं. कौल घेणाऱ्याला निकाल हवा होता आणि तो लागला. त्या दिवशी गोवेकरांच्या मनात काय काय होतं, हे मात्र त्या दोन खुणांवरून सांगता येणार नाही. एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे: तिथेही बाजूंना ‘हो’ आणि ‘नाही’ अशी नावं दिलेली नव्हती. ब्रिटनमध्ये २०१५ साली निवडणूक आयोगाने हाच आग्रह धरला. युरोपीय संघात राहावं का, हो की नाही, हा प्रस्तावित प्रश्न एका बाजूला झुकलेला वाटू शकतो म्हणून ‘राहावं की बाहेर पडावं’ अशी दोन्ही बाजूंची नावं मतपत्रिकेवर आली. सर्वेक्षण हा तर निर्णयही नसतो. निर्णयाच्या आधी मनं चाचपायची, एवढंच त्याचं काम. त्याने मधल्या लोकांना पुसून टाकलं, तर चाचपायला उरतं काय?

आणि पुसायचंच ठरवलं तर ते फार सहज जमतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीवर नरेंद्र मोदी अॅपवरून दहा प्रश्नांचं सर्वेक्षण घेतलं गेलं. पहिल्या दिवसभरातच पाच लाखांवर लोकांनी भाग घेतल्याचं जाहीर झालं. पहिला प्रश्न होता, भारतात काळा पैसा आहे असं तुम्हाला वाटतं का. उत्तरं हो आणि नाही. याला ‘नाही’ कोण म्हणणार? पुढच्या एका प्रश्नाला पूर्ण सहमत, अंशतः सहमत आणि सांगता येत नाही एवढेच पर्याय होते. असहमतीला जागाच नव्हती. नोटाबंदी योग्य होती की नव्हती, यावर वाचकाचं मत काहीही असो. ज्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस कल्पनेतही सापडत नाही, त्याच्या ‘हो’ची टक्केवारी काढणं म्हणजे तराजूत वजन न टाकता माल जोखणं. अॅप ज्यांनी उतरवून घेतलं तेच उत्तर देणार, हा दोष वेगळाच; पण तो सगळ्यांना दिसतो, प्रश्नाचा दिसत नाही.

राहता राहिला लांबीचा मुद्दा. पर्याय वाढवले की लोक फॉर्म अर्धवट सोडतात, असं काम देणारे नेहमी सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. त्यावर माझा उपाय प्रश्न दोन टप्प्यांत विचारण्याचा आहे. आधी दिशा, मग ज्याने जी दिशा धरली त्याला फक्त किती ते. दोन टिचक्यांत काम होतं आणि ‘पण’ला जागा मिळते. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय मी मतांच्या प्रश्नात ठेवतो, पळवाट वापरली जाणार हे माहीत असूनही, कारण पळालेले मोजता येतात. आणि बटणांवर हो-नाहीऐवजी क्रियापद लिहितो: ‘मिळाला’, ‘मिळाला नाही’. यात मराठीची एक वेगळी पंचाईत आहे. ‘वापरतो’ लिहिलं की बाई बाहेर, ‘वापरते’ लिहिलं की पुरुष. मधली तिरकी रेघ मला आवडत नाही. ‘वापर होतो’ लिहावं, तर ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. तूर्त मी प्रश्नच भूतकाळात नेतो: ‘गेल्या महिन्यात वापरलं’, ‘वापरलं नाही’. क्रियापद वस्तूकडे वळतं आणि माणसाचं लिंग विचारायची वेळ येत नाही.